आधी दरबार, मग मुडदे: ‘किंगडम’ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

‘किंगडम’ ही कोरियन मालिका मी पहिल्यांदा लावली तेव्हा तिसऱ्या भागावर सोडून दिली. निम्म्या माणसांचं आडनाव चो, सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टोप्या, आणि राजवाड्यात लोक एवढे कुजबुजतायत कशासाठी याचा पत्ता नाही. मुडदे उठून धावायला लागले की तेवढ्यापुरती छाती धडधडायची, मग पुन्हा गोंधळ. दीडेक वर्षाने धाकटी बहीण म्हणाली, “ताई, माझ्यासोबत परत बघ.” मधल्या काळात मी कोरियाच्या जोसन राजवटीबद्दल थोडं वाचलं होतं. या वेळी आम्ही शेजारी कागद-पेन ठेवून बसलो आणि तीन रात्रींत मालिका संपवली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: ही झोंबींची मालिका म्हणून बघायला बसू नका. ही गादीची आणि भुकेची गोष्ट आहे. गादीचा पेच कळला की मुडद्यांची भीती दसपट वाढते.

पहिल्या भागात जे उघड होतं त्यापलीकडची रहस्यं इथे फोडलेली नाहीत. निर्धास्त वाचा.

1. नेमकी हीच मालिका लावा

नेटफ्लिक्सवर ‘किंगडम’ शोधलं की त्याच नावाचं बरंच काही समोर येतं: एका जपानी चित्रकथेवरून निघालेले चित्रपट, 2025 चा तेलुगू चित्रपट, शिवाय नावात ‘किंगडम’ असलेल्या इंग्रजी मालिका. तुम्हाला हवी आहे ती 25 जानेवारी 2019 रोजी आलेली कोरियन मालिका. नेटफ्लिक्सने कोरियात केलेली ही पहिली मूळ मालिका. सापडत नसेल तर बे दू-ना किंवा जू जी-हून या कलाकारांच्या नावाने शोधा.

लेखिका किम उन-ही. पहिला सीझन किम सोंग-हून यांनी दिग्दर्शित केला. दुसरा सीझन 13 मार्च 2020 रोजी आला आणि त्याचे बहुतेक भाग पार्क इन-जे यांचे आहेत. दोन्ही सीझनमध्ये सहा-सहा भाग, प्रत्येक भाग साधारण 40 ते 55 मिनिटांचा. त्यानंतर 23 जुलै 2021 रोजी ‘आशिन ऑफ द नॉर्थ’ हा दीड तासाचा विशेष भाग आला. बघायचा क्रम हाच. आशिनची गोष्ट काळाने आधीची आहे, म्हणून काही जण ती आधी बघायला सांगतात. तसं करू नका. पहिल्या दोन सीझनमधलं सगळ्यात मोठं कोडं तिथे उलगडतं.

2. बसण्यापूर्वी जवळ काय हवं

- नेटफ्लिक्सचं सदस्यत्व. मालिका प्रौढांसाठी आहे, त्यामुळे लहान मुलांच्या प्रोफाइलवर ती दिसणारच नाही.
- टीव्ही किंवा लॅपटॉप. अर्धी मालिका रात्रीच्या अंधारात, मशालींच्या उजेडात घडते. लोकलमध्ये मोबाइलवर बघाल तर काळा पडदा आणि आरडाओरडा, एवढंच हाती लागेल.
- बरे हेडफोन. इथे धोका आधी ऐकू येतो, मग दिसतो.
- एक कागद. वर आठ नावं, खाली चार गावांचा नकाशा. दोन्ही पुढे देते.
- पहिल्या रात्री सलग दोन भागांइतका वेळ. पहिल्या भागानंतर थांबलात तर दुसऱ्या दिवशी धागा जोडायला पुन्हा मेहनत करावी लागते.

3. आवाज कोरियनच ठेवा

डब केलेल्या आवाजात बघू नका. भाषांतर वाईट असतं असं नाही, पण या मालिकेत कोण कोणाशी कुठल्या पायरीवरून बोलतंय यात अर्धी गोष्ट आहे. कोरियन वाक्य मराठीसारखंच क्रियापदावर संपतं आणि समोरच्याचा मान त्या क्रियापदातच असतो. आपण ‘ये’, ‘या’, ‘यावं’ यातला फरक जसा कानाने टिपतो, तसा चार-पाच भागांनंतर त्यांचाही टिपता येतो. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं एका ‘यू’मध्ये सपाट होऊन जातं.

काही संबोधनं आधीच कानावरून घाला. ‘जॉन्हा’ म्हणजे महाराज. ‘जॉहा’ म्हणजे युवराज. हे दोन शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत, आणि कोणाला कुठला शब्द वापरायचा यावर या गोष्टीत माणसांचे जीव जातात. ‘तेगाम’ हे बड्या मंत्र्यांसाठी. राणीला ‘मामा’ म्हणतात तेव्हा दचकू नका, तो राजघराण्यातल्यांसाठीचा आदराचा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी ‘सोसो’ ऐकू आलं की समजायचं, कोणीतरी विनवणी करतंय.

इथे एक सापळा आहे. सबटायटलच्या यादीत पुष्कळदा दोन इंग्रजी पर्याय असतात, एक साधा आणि एक ‘सीसी’ लिहिलेला. ‘सीसी’वाला बहुतेक वेळा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून केलेला असतो. कोरियन आवाजाबरोबर तो लावला की ओठावर एक आणि खाली दुसरंच, असं होतं. साधा पर्याय निवडा.

मला मराठी सबटायटल मिळाली नाहीत. आईबरोबर बघताना मी वाचून सांगत होते. मारामारीच्या प्रसंगांत वाचायला फारसं काही नसतं. दरबाराचे प्रसंग मात्र मी थांबवून थांबवून सांगितले, आणि आईला तेच जास्त आवडले. घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बघणार असाल तर हा मार्ग चालतो, फक्त वेळ दीडपट धरा.

4. गादीचा पेच समजून घ्या

इथे घाई करू नका. बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

काळ सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. आपल्याकडे 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, त्याच सुमाराचा. कोरियात जोसन राजवट आहे. ती 1392 मध्ये सुरू झाली आणि 1910 पर्यंत टिकली. मालिकेतला राजा काल्पनिक आहे.

राजा आजारी आहे असं सांगितलं जातं, पण तो कोणालाच दिसत नाही. राजधानीच्या भिंतींवर ‘राजा मेला’ असे कागद लागतात. युवराज ली छांग सख्ख्या बापाच्या दालनाबाहेर उभा राहतो आणि त्याला आत सोडत नाहीत. का?

ली छांग पट्टराणीच्या पोटचा नाही. दुसरा वारस नाही म्हणून तो युवराज आहे. आता राजाची नवी, वयाने अगदी लहान राणी गरोदर आहे. तिला मुलगा झाला तर तो औरस, म्हणजे गादीवर त्याचा हक्क पहिला. ही राणी मुख्यमंत्री चो हाक-जूची मुलगी. आता मांडणी बघा. राजा आज मेला तर गादी ली छांगची. राणी बाळंत होईपर्यंत राजा जिवंत राहिला, निदान जिवंत आहे असं जगाला वाटत राहिलं, तर गादी चो घराण्याच्या नातवाची. म्हणजे काही महिने राजाने मरून चालणार नाही. पहिल्या भागात राजाच्या दालनात जे काही सरपटतं, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

लेखिकेने हा पेच हवेतून काढलेला वाटत नाही. खऱ्या इतिहासात जोसनचा राजा सोंजो याने 1592 मध्ये, जपानशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत, क्वांगहे या मुलाला युवराज केलं. तोही पट्टराणीचा नव्हता. दहा वर्षांनी, 1602 मध्ये, सोंजोने तरुण राणी इनमोकशी लग्न केलं आणि 1606 मध्ये तिला मुलगा झाला. क्वांगहे 1608 मध्ये गादीवर आला खरा, पण त्या धाकट्या सावत्र भावाचा 1614 मध्ये जीव गेला आणि 1623 मध्ये क्वांगहेलाही पदच्युत केलं गेलं. मालिका बघताना हा खरा युवराज माझ्या डोक्यात सारखा येत राहिला. तुम्हालाही येऊ द्या, ली छांगची भीती जास्त खरी वाटते.

आडनावांचा गोंधळ आधीच मिटवा. कोरियन नावात आडनाव पुढे येतं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, म्हणून राणीही ‘चो’च. आणि आडनावाला कुळाच्या मूळ गावाचं नाव जोडतात. ‘हेवॉन चो’ म्हणजे हेवॉनचे चो. कोणी नुसतं ‘हेवॉन चो’ म्हटलं तर ते एका माणसाबद्दल बोलत नाहीत, आख्ख्या सत्ताधारी घराण्याबद्दल बोलतायत.

कागदावर ही आठ नावं लिहा:

- ली छांग: युवराज (जू जी-हून)
- चो हाक-जू: मुख्यमंत्री, खरी सत्ता याच्या हातात (र्यू सुंग-र्योंग)
- राणी चो: त्याची मुलगी (किम हे-जुन). हिला कमी लेखू नका.
- मुयंग: युवराजाचा अंगरक्षक, खाण्याचा शौकीन (किम सांग-हो)
- सोबी: दवाखान्यातली वैद्यसेविका (बे दू-ना)
- यंगशिन: त्याच दवाखान्यात आसऱ्याला असलेला, बंदूक सराईतपणे चालवणारा (किम सुंग-ग्यू)
- चो बॉमपाल: मुख्यमंत्र्याचा पुतण्या, दोंगने या गावाचा नवा अधिकारी (जॉन सॉक-हो)
- आन ह्यॉन: युवराजाचे जुने गुरू (हॉ जून-हो)

मुयंग आणि यंगशिन यांच्या नावांत पहिल्यांदा हमखास गल्लत होते. गोल, प्रेमळ चेहऱ्याचा तो मुयंग. डोळ्यांत राग साचलेला तो यंगशिन.

5. भुकेकडे बघा

1592 मध्ये तोयोतोमी हिदेयोशीच्या जपानी फौजा कोरियात उतरल्या. हे युद्ध 1598 पर्यंत चाललं. शेतं ओस पडली, माणसं नेली गेली, गावं जळाली. मालिका त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडते. म्हणजे पडद्यावर दिसणारं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस युद्धातून वाचलेलं आहे, आणि गरीब असेल तर उपाशी आहे.

मी दुसऱ्यांदा बघताना एक सोपी सवय लावून घेतली: प्रत्येक प्रसंगात कोण काय खातंय ते बघायचं. राजवाड्यातली ताटं, अंगरक्षक खिशात लपवतो तो खाऊ, दवाखान्यातली रिकामी भांडी. लेखिकेने सांगायचं ते बरंचसं जेवणातून सांगितलं आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस भुकेल्या लोकांपुढे एक पातेलं येतं. त्या वेळी तुमच्या हातात ताट नसू द्या, एवढंच सांगते.

मालिकेत ‘झोंबी’ हा शब्द कोणाला माहीतच नाही. ते रोग म्हणतात, राक्षस म्हणतात. आपल्याला जे ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक नाही, हे लक्षात ठेवलंत की ‘हे लोक इतके मूर्ख कसे वागतात’ असं वाटणार नाही.

6. चार गावांचा नकाशा काढा

कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात दोंगने लिहा. आजच्या बुसान शहराचा हा भाग, कोरियाच्या आग्नेय टोकाला. तिथून वर, डावीकडे सांगजू. त्याच्या वर मुनग्योंग सेजे ही खिंड. आणि त्याहून वर, वायव्येला, राजधानी हानयांग, म्हणजे आजचं सोल. रेघेने जोडा.

हाच जुना राजमार्ग. 1592 मध्ये जपानी फौज बुसानला उतरली, दोंगने पाडलं, सांगजूला लढाई जिंकली, मुनग्योंगची खिंड ओलांडली आणि उतरल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत हानयांगमध्ये शिरली. कोरियन सेनापती शिन रिपने ही अवघड खिंड लढवली नाही, पुढे छुंगजूजवळ मोकळ्या जागेत लढाई घेतली आणि तिथे सगळं हरवलं. खिंड लढवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मालिकेतला रोगही त्याच वाटेने वर सरकतो, म्हणून खिंडीचं नाव आलं की दरबारातल्या चेहऱ्यांवरचा रंग का उडतो ते कळतं. खिंडीचं दार कोणाच्या हातात आहे, इकडे लक्ष ठेवा.

7. टोपी वाचायला शिका

मालिका आली तेव्हा जगभर लोक त्या टोप्यांबद्दलच बोलत होते. त्या दिसायला सुंदर आहेतच, पण त्या ओळखपत्रही आहेत. काळी, जाळीदार, रुंद काठाची टोपी म्हणजे ‘गात’. बांबू आणि घोड्याच्या केसांची, मानाच्या माणसाची. पंखांसारख्या दोन पट्ट्या असलेली टोपी दरबारी अधिकाऱ्याची. साधी बांबूची, खालच्या वर्गातल्या माणसाची. शिपायांची जाड लोकरी नमद्याची. अधिकाऱ्याच्या छातीवर चौकोनी भरतकाम दिसलं तर करकोचा म्हणजे मुलकी, वाघ म्हणजे लष्करी. दाट गर्दीत कोण कोण आहे ते यावरून झटकन समजतं.

आणि सोबीचा पोशाख बघा. पुरुष वैद्याने बाईला तपासणं प्रशस्त मानत नसत, म्हणून 1406 पासून मुलींना वैद्यकी शिकवायला सुरुवात झाली, आणि त्या मुली सरकारी दासींमधून निवडल्या गेल्या. म्हणजे रोगाबद्दल सगळ्यात जास्त जिला कळतं, तिला बोलायचा अधिकार सगळ्यात कमी. ती खरं सांगत असते आणि अधिकारी ऐकत नाहीत. त्या प्रत्येक प्रसंगाने मला चीड आली.

8. ‘जाळून का टाकत नाहीत?’

हा प्रश्न तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या भागात पडणारच. आम्हालाही पडला. आपल्याकडे अग्नी देणं हाच संस्कार, त्यामुळे त्यांची टाळाटाळ विचित्र वाटते. जोसन समाज कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीवर चालत होता. शरीर, केस, कातडी हे आईबापांनी दिलेलं, त्याला इजा होऊ न देणं ही मातृ-पितृभक्तीची पहिली पायरी. म्हणून पुरुष केस कापत नसत, बुचडा बांधत. पुढे 1895 मध्ये सरकारने बुचडे कापायचा हुकूम काढला तेव्हा देशभर उठाव झाले. मग मेलेल्या मुलाचं मुंडकं उडवायचं किंवा त्याला आगीत टाकायचं, असं एखाद्या खानदानी आईला सांगून बघा. आणि ही सवलत कोणाच्या प्रेताला मिळते, कोणाच्या नाही, हेही बघा.

आन ह्यॉन जाड्याभरड्या कपड्यांत गावी का बसलेत, याचंही उत्तर इथेच आहे. आईबापांसाठी तीन वर्षं सुतक पाळायची रीत होती.

9. वेग आणि विश्रांती

पहिले दोन भाग सावकाश आहेत. ‘अजून काहीच होत नाही’ म्हणून मोबाइल हातात घेतलात तर गादीचा पेच निसटेल. तिसऱ्यापासून थांबवणं कठीण जातं. पहिला सीझन ऐन मोक्याच्या क्षणी संपतो, म्हणून सहावा भाग अशा रात्री बघा की लगेच दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लावता येईल.

रक्त भरपूर आहे. लहान मुलंही संकटात सापडतात, आणि मालिका त्यांना सूट देत नाही. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर थोडं थांबा. दुसऱ्या सीझनमध्ये बाळंतपणाशी जोडलेले काही प्रसंग फार जड आहेत. माझ्या बहिणीला तिथे उठून आत जावं लागलं.

सीझन संपेपर्यंत समाजमाध्यमांवर मालिकेचं नाव शोधू नका. मुडदे कधी उठतात आणि कधी नाही, याचं उत्तर कुठल्याही चित्रफितीच्या शीर्षकातच दिलेलं असतं, आणि ते पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी कळण्यात खरी धडकी आहे.

10. शेवटी आशिन

आशिनचा भाग लावण्याआधी नकाशाचा कागद उलटा करा. आता सगळं उत्तरेला, आमनोक नदीच्या सीमेवर. तिथे जुर्चेन नावाचे लोक राहतात. त्यांतल्या काही कुटुंबांनी जोसनच्या हद्दीत वस्ती केली आहे, आणि दोन्ही बाजू त्यांना परकं मानतात. आशिन त्यांच्यातली. मोठेपणीची आशिन जॉन जी-ह्यॉनने केली आहे आणि बराच वेळ ती जवळजवळ बोलतच नाही.

हा भाग बारा भागांइतका धावत नाही. वेगाची अपेक्षा बाजूला ठेवा, एकट्याने बघा, आणि संपल्यावर पहिल्या सीझनचा पहिला भाग लगेच पुन्हा लावा. सुरुवातीलाच जांभळ्या फुलांचं ते रोप दिसेल. ते तिथवर कोणी पोचवलं हे आता तुम्हाला ठाऊक असेल.